शर्यतीसाठी शॉर्ट कोर्स ट्रक निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिमोटच्या शॉर्ट कोर्स ट्रकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे नियमांतल्या अडचणी आणि अपवाद. एका उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. शॉर्ट कोर्स ट्रक म्हणजे नेमकं काय? बग्गीपेक्षा तो वेगळा कसा?

अमेरिकेत मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर उड्या आणि तीव्र वळणं घेत पिकअप ट्रकांच्या शर्यती होतात. विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनला त्या १९७० पासून होतात, आणि १९७९ मध्ये मिकी थॉम्पसन यांनी असाच खेळ थेट लॉस एंजेलिसच्या कलिझियम स्टेडियममध्ये आणला. त्या ट्रकांची १/१० मापातली प्रतिकृती म्हणजे आपला शॉर्ट कोर्स ट्रक, थोडक्यात एससीटी. २००८ मध्ये ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश हा ट्रक आला आणि त्याच्याभोवती हा अख्खा वर्ग उभा राहिला.

बग्गीची चाकं उघडी असतात. दोन बग्ग्या शेजारी आल्या की चाकात चाक अडकतं आणि दोन्ही उलटतात. एससीटीची चाकं बॉडीच्या आत झाकलेली असतात आणि पुढे-मागे जाड बंपर असतात. त्यामुळे वळणावर दोन ट्रक अंगाला अंग घासत जातात आणि तरीही दोघांची शर्यत चालू राहते. या वर्गाची सगळी मजा त्यातच आहे. त्याचा मोबदला म्हणून वजन जास्त असतं, बॉडी वारा धरते (प्रश्न १२) आणि लॅपची वेळ बग्गीपेक्षा थोडी मागेच राहते.

२. पहिला ट्रक कोणता घ्यावा?

जिथे शर्यत खेळणार, त्या ट्रॅकवर शर्यतीच्या दिवशी रिकाम्या हाताने जा. तीन गोष्टी पाहा: एससीटीचे कोणते वर्ग भरतात, त्यातल्या बहुतेकांकडे कोणता ट्रक आहे, आणि ट्रॅकची जमीन कशी आहे. मग त्यांच्याकडे आहे तोच घ्या.

हे उत्तर अनेकांना आवडत नाही, कारण त्यांना आकड्यांचा तक्ता हवा असतो. पण दुसऱ्या फेरीत पुढचा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) तुटला की तक्ता उपयोगी पडत नाही, शेजारच्या टेबलावर बसलेल्याच्या डब्यातला आर्म उपयोगी पडतो. सेटअपचंही तसंच आहे. तुमच्याच ट्रकवर, त्याच मातीवर काही वर्षं धावलेला माणूस पाच मिनिटांत सांगतो ते रात्रभर वाचूनही हाती लागत नाही. कागदावर थोडा कमी, पण भोवती माणसं आणि सुटे भाग असलेला ट्रक नवख्याला नेहमीच जास्त पुढे नेतो.

३. टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील ड्राइव्ह?

शिकायचं असेल तर टू-व्हील. मागच्याच चाकांना ताकद मिळत असल्यामुळे थ्रॉटल जास्त दाबलं की ट्रकचं शेपूट लगेच सुटतं, आणि बोट किती हलकं ठेवायचं हे त्यातूनच कळतं. डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) एकच, ड्राइव्हशाफ्टही दोनच. धुणं, उघडणं, दुरुस्त करणं, सगळं सोपं आणि स्वस्त.

फोर-व्हील ट्रक सैल मातीवर सरळ पळतो, उडीनंतर वेडावाकडा उतरला तरी पुढची चाकं त्याला ओढून रेषेवर आणतात. नवख्याच्या लॅपच्या वेळा सुरुवातीला याच्यातच चांगल्या येतात. पण त्याची ताकद आणि वजन जास्त असल्यामुळे आपटतोही जोरात, आणि शर्यतीच्या पातळीवरच्या ट्रकमध्ये तीन डिफ उघडून तेल भरायचं काम असतं. तुमच्या ट्रॅकवर फोर-व्हील वर्गच भरत असेल तर अर्थातच प्रश्न मिटला. नसेल तर एक हंगाम तरी टू-व्हीलवर काढा.

४. तयार ट्रक घ्यावा की किट जोडावं?

तयार म्हणजे आरटीआर ट्रकमध्ये रिमोट, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) सगळं येतं. बरेचदा बॅटरी आणि चार्जर तेवढे वेगळे घ्यावे लागतात. किटमध्ये ट्रकचे भाग येतात. मोटर, ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर आणि बरेचदा टायरसुद्धा आपण निवडायचे. सुरुवातीला आरटीआर ठीक. पण त्याचा सर्व्हो बहुधा हळू आणि अशक्त असतो, तो लवकर बदलावा लागतो, हे हिशेबात धरा.

किट जोडणाऱ्याला एक फायदा आयुष्यभर पुरतो: आतला प्रत्येक स्क्रू त्याने स्वतः लावलेला असतो, त्यामुळे काही बिघडलं तर कुठे पाहायचं हे त्याला ठाऊक असतं. आरटीआर घेतला असेल तर तोही एकदा संपूर्ण उघडून पुन्हा जोडा. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलेलं नसणं आणि शॉकमध्ये तेल कमी असणं, हे दोन दोष नव्या कोऱ्या ट्रकमध्येही सापडतात.

५. स्लॅश, एससी१०, २२ एससीटी, सेंटन, एससीटी४१०... यांत खरा फरक काय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. या ट्रकांना एकाच रांगेत उभं करून क्रमांक देण्यात अर्थ नाही, कारण ते वेगवेगळ्या हेतूने बनवलेले आहेत. त्यामुळे हेतूप्रमाणे घेतो.

ट्रॅक्सस स्लॅश टू-व्हील: मार सहन करणारा, भाग सगळीकडे मिळणारा, आणि अनेक ट्रॅकवर फक्त स्लॅशसाठी वेगळा वर्ग भरतो. त्याची मूळ चेसी खोल टबसारखी आहे आणि बॅटरी उंचावर बसते, त्यामुळे चांगली पकड असलेल्या जमिनीवर वळणात तो झुकतो आणि उलटतो. यावर कंपनीचीच कमी उंचीची चेसी मिळते, तिला एलसीजी म्हणतात. ब्रश्ड मोटरचा, ३५०० केव्हीच्या ब्रशलेस मोटरचा व्हीएक्सएल आणि अलीकडचा बीएल-२एस असे त्याचे प्रकार आहेत. सस्पेन्शन मऊ आहे. खडबडीत ट्रॅकवर ते वरदान ठरतं, गुळगुळीत ट्रॅकवर मात्र सुस्त वाटतं.

टीम असोसिएटेडचा एससी१० २००९ मध्ये आला. तो कंपनीच्या शर्यतीच्या बग्गी-ट्रक घराण्यातून उतरला होता, म्हणून सुरुवातीपासूनच त्याचं वळणं नेमकं होतं. त्याच वंशात पुढे मधल्या मोटरचा एससी५एम आणि मग एससी६ ची मालिका आली; एससी६.४ हे शुद्ध शर्यतीचं किट आहे. टीएलआर म्हणजे टीम लोसी रेसिंगचा २२ एससीटी हाही त्याच जातीचा. पहिल्या २२ एससीटीमध्ये मोटर मागे किंवा मध्ये, हवी तशी बसवता येत होती (प्रश्न ६). या किटांमध्ये जुळवाजुळवीला भरपूर वाव आहे आणि त्यांचे भाग हलके आहेत. भिंतीवर आपटला तर स्लॅश उठून चालू लागतो, हे ट्रक बरेचदा टेबलावर येतात.

अर्माचा सेंटन मुळात मोकळ्या मैदानात हुंदडण्यासाठी आहे. त्याचा फोर-व्हील, ३एस (तीन सेलच्या बॅटरीचा) प्रकार सरळ रेषेत जबरदस्त पळतो आणि टिकतोही. पण आखूड, वळणावळणाच्या ट्रॅकवर ती ताकद वापरताच येत नाही आणि काही वर्गांत ३एस बॅटरी चालतच नाही (प्रश्न ९). शर्यतीची तोंडओळख म्हणून चालेल. शर्यतीसाठीच घेणार असाल तर मी हा सुचवणार नाही.

फोर-व्हीलमध्ये स्लॅश ४x४ २०१० पासून आहे. मूळ रूपात त्याच्यात मधला डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा) नाही, तो वेगळा घेऊन बसवता येतो. लोसीचा टेन-एससीटीई आणि टेक्नोचा एससीटी४१० हे दोन्ही मधल्या डिफसकट, शर्यत डोळ्यांसमोर ठेवून आखलेले. टेक्नोची बांधणी १/८ बग्गीच्या धर्तीवर आहे: जाड ड्राइव्हशाफ्ट, मोठे शॉक, तीन सीलबंद गिअर डिफ. तो जड आहे, पण मोठ्या उड्यांच्या बाहेरच्या ट्रॅकवर दिवसभर धावूनही काही तुटत नाही. फोर-व्हील वर्गात गंभीरपणे उतरायचं ठरलं असेल आणि ट्रॅक मोठा असेल, तर माझं मत टेक्नोला.

एससी१०, जुना २२ एससीटी, लोसीचा ट्रिपल-एक्स एससीटी, एचपीआय ब्लिट्झ, क्योशो अल्टिमा एससी यांच्यासारखे त्या पहिल्या लाटेतले ट्रक आता बहुधा जुन्या बाजारातच दिसतात. ते घेण्याआधी प्रश्न १७ वाचा.

६. मोटर मागे असलेला ट्रक चांगला की मध्ये असलेला?

जमिनीवर अवलंबून. मोटर मागच्या अॅक्सलच्या पाठीमागे असली की वजन मागच्या चाकांवर येतं. सैल, धुळीच्या मातीवर त्या वजनानेच पकड मिळते. कार्पेट, कृत्रिम गवत किंवा घट्ट ओलसर चिकणमातीवर पकड आधीच भरपूर असते. तिथे मागचं जादा वजन वळणात लंबकासारखं ट्रकला बाहेर फेकतं. म्हणून अशा जागी मधली मोटर. बाहेरच्या कोरड्या ट्रॅकवर मधल्या मोटरचा ट्रक घेऊन झगडणारे बरेच जण भेटतात, कारण त्यांनी आतल्या ट्रॅकवरचे व्हिडिओ पाहून खरेदी केलेली असते.

७. १७.५, १३.५, ३५०० केव्ही या आकड्यांचा अर्थ काय?

पहिले दोन टर्न आहेत, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगमध्ये तारेचे किती वेढे आहेत. वेढे कमी तितकी मोटर वेगवान, १३.५ ही १७.५ पेक्षा जोरकस. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला किती फेरे. ३५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेईल.

शर्यतीच्या मोटरांना सेन्सरची बारीक वायर असते. तिच्यामुळे ट्रक थांबलेल्या जागेवरून अडखळत न निघता सुरळीत निघतो. सेन्सर नसलेल्या मोटरी धूळ-पाण्यात कमी कटकट करतात, पण वळणातून बाहेर पडताना लागणारा तो मखमली थ्रॉटल त्यांच्यात मिळत नाही. टू-व्हीलला नवख्या हातात १७.५ किंवा १३.५ भरपूर होते. फोर-व्हीलच्या खुल्या वर्गात ५५० मापाच्या, चार पोलच्या, साधारण ४००० ते ४६०० केव्हीच्या मोटरी दिसतात.

८. पिनियन किती दातांचा लावावा?

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, स्पर म्हणजे तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर. आधी हिशेब. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर. टू-व्हील स्लॅशमध्ये आतलं गुणोत्तर २.७२ आहे. ८६ चा स्पर आणि १९ चा पिनियन असेल तर ८६ ÷ १९ × २.७२ = १२.३१; म्हणजे मोटर १२.३१ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. पिनियन २१ चा केला तर हेच ११.१४ होतं. कमाल वेग वाढतो, पण मोटरवर ताणही वाढतो आणि वळणातून उसळी कमी मिळते.

मोटरसोबत आलेल्या तक्त्यातल्या सगळ्यात लहान पिनियनपासून सुरुवात करा. पाच मिनिटं शर्यतीच्या वेगाने पळवा, लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरच्या अंगावर धरा. ७० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर एक दात वाढवायला जागा आहे. ८० च्या जवळ गेली तर थांबा, पिनियन लहान करा. जास्त तापलं की रोटरच्या चुंबकाची ताकद कायमची उतरते. आणखी एक खूण: सरळ पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला मोटर नुकतीच पूर्ण आवाजाला पोचत असेल तर गिअर बरोबर. अर्ध्यातच पोचून तिथेच किंचाळत राहिली तर पिनियन लहान आहे.

पिनियन बदलला की दातांमधली फट पुन्हा लावावी लागते. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालून मोटर दाबा, स्क्रू घट्ट करा, पट्टी फिरवून बाहेर काढा. तिच्यावर नागमोडी घडी उमटायला हवी, कागद फाटता कामा नये. मग स्पर पूर्ण फिरवून पाहा. तो जरासा वाकडा असेल तर जिथे सर्वांत घट्ट वाटतो, तिथे फट लावायची.

९. २एस बॅटरी घ्यावी की ३एस?

शर्यतीला २एस. अशा वर्गांची नियमावली बहुतेक वेळा ७.४ व्होल्टची, कडक कवचाची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) मागते आणि ट्रॅकचा आकार पाहता तेवढी पुरते. ५००० एमएएचच्या आसपासची बॅटरी पाच मिनिटांच्या फेरीला हवी त्यापेक्षा जास्तच असते. म्हणून अनुभवी मंडळी कार्पेटवर कमी क्षमतेची, हलकी बॅटरी लावतात.

दर सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ३.२ च्या खाली उतरवायचा नाही, आणि काही दिवस ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवायची. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने भरा, बॅलन्स तार जोडूनच. फुगलेली बॅटरी कितीही जीवावर आलं तरी वापरू नका. ईएससीमध्ये लायपोची कटऑफ सेटिंग चालू आहे का, हे पहिल्या वापराआधी तपासा. काही आरटीआर ट्रक निकेल बॅटरीच्या मोडवर येतात आणि तशाच वापरल्यास नवी लायपो पहिल्याच दिवशी खराब होते.

१०. पैसे मोजकेच आहेत. पहिला बदल कोणता करू?

टायर. मोटर नको, अॅल्युमिनियमचे भाग नकोत, टायर.

ट्रकसोबत आलेले टायर टिकण्यासाठी बनवलेले असतात, रबर कडक असतं. त्याच ट्रकला योग्य टायर लावले की लॅपमधून जेवढी वेळ कमी होते तेवढी दुसऱ्या कुठल्याच एका बदलाने होत नाही. सैल धूळ असेल तर उंच, विरळ दाणे असलेली नक्षी, कारण दाण्याला मातीत रुतायचं असतं. घट्ट, चिकटलेल्या मातीवर बुटके, दाट दाणे. कार्पेट आणि कृत्रिम गवतावर अगदी बारीक पिनांचे टायर. नक्षीइतकंच रबराचं मिश्रण महत्त्वाचं. प्रो-लाइन कंपनी हे मिश्रण एम३, एम४ अशा खुणांनी दाखवते, जेकन्सेप्ट्स रंगांच्या नावांनी: निळं मऊ, हिरवं त्याहून मऊ, सोनेरी आतल्या चिकणमातीसाठी. ट्रॅकवर कोणता टायर चालतो ते विचारायला लाजू नका. हे कोणी लपवत नाही.

टायर चिकटवणं हे स्वतंत्र कसब आहे. नव्या टायरच्या आतल्या कडेला साच्याचा तेलकट थर असतो. साबणाच्या पाण्याने तो धुऊन, पूर्ण वाळवून मगच रिमवर चढवा. आतला फोम सगळीकडे सपाट बसला आहे का हे बाहेरून बोटांनी दाबत चाचपा. एका जागी चुरगळला असेल तर ते चाक प्रत्येक फेरीला उडी मारेल. मग टायरची कड जराशी मागे ओढून, फटीत पातळ सीए ग्लूचा (सुपरग्लूचा) एक थेंब, कड सोडा, पुढे सरका. पूर्ण गोल झाला की दुसरी बाजू. पूर्ण सुकल्यावर अंगठ्याने साइडवॉल ओढत पुन्हा एक फेरी मारा. जिथे कड सुटते, तिथेच शर्यतीत टायर फाटून बाहेर येणार असतो.

११. एका कंपनीची चाकं दुसऱ्याच्या ट्रकवर बसतात का?

टायर बसतात, रिमबद्दल खात्री नाही. एससीटीच्या टायरचं माप सर्वांचं एकच: बाहेरची कड २.२ इंच, आतली ३.० इंच. पण रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) ट्रकनुसार बदलतो. टू-व्हील स्लॅशचे पुढचे आणि मागचे रिमसुद्धा वेगळे आहेत. त्याचे मागचे रिम मात्र स्लॅश ४x४ ला चारही बाजूंना बसतात. चुकीचा ऑफसेट लावला तर चाक बॉडीबाहेर येतं आणि ट्रक रुंदीच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. स्लॅश २९६ मिमी रुंद आहे आणि अनेक नियमावल्यांची मर्यादा त्याच आसपास असते. म्हणून पाकिटावर ट्रकचं नाव आणि 'पुढचं' किंवा 'मागचं' वाचल्याशिवाय घेऊ नका.

१२. उडी मारली की ट्रकचं नाक वर जातं आणि तो पाठीवर पडतो. काय करू?

यामागे दोन कारणं असतात, आणि दोन्ही एकदम काम करत असतात.

पहिलं बॉडीचं. एससीटीची बॉडी खालून उघडी असते. हवेत गेल्यावर खालून शिरलेली हवा मागच्या हौद्यात कोंडते आणि अख्खा ट्रक पॅराशूटसारखा धरला जातो. उपाय म्हणजे मागच्या भागाला भोकं पाडणं, म्हणजे हवेला वाट मिळते. लेक्झन म्हणजे बॉडीचं प्लास्टिक कापताना आधी कोपऱ्यांना गोल भोक पाडा आणि मग ती भोकं जोडत कापा. टोकदार कोपरा ठेवला तर पहिल्याच आपटीत तिथून चीर जाते. काही नियमावल्यांत किती आणि कुठे कापता येईल यावर बंधन असतं, तेवढं आधी विचारा.

दुसरं बोटाचं. हवेत असताना थ्रॉटल दाबलं की चाकं जोरात फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक वर जातं. ब्रेक मारला की नाक खाली येतं. उतारावरून सुटताना बोट पूर्ण दाबलेलंच राहिलं तर नाक वर जाणारच. उडीच्या टोकाला पोचण्याआधी थ्रॉटल किंचित सोडा, हवेत नाक वर चाललं असेल तर ब्रेकचा एक हलका टपका द्या, आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणी पुन्हा थोडं थ्रॉटल द्या म्हणजे चाकं जमिनीच्या वेगाशी जुळतात. फोर-व्हीलमध्ये चारही चाकं फिरत असल्यामुळे हा परिणाम जास्त जाणवतो. तिथे टपका आणखी हलका. एकाच उडीवर, सरावाच्या वेळेत, फक्त एवढंच पुन्हा पुन्हा करून पाहा.

१३. ट्रक वळतच नाही, किंवा वळताना मागून सुटतो. सेटअपमध्ये कुठून सुरुवात करू?

टायरपासून (प्रश्न १०). ते बरोबर असतील तर उंची पाहा: ट्रक बॅटरीसकट थोड्या उंचीवरून सोडा आणि तो स्थिर झाल्यावर मागचे आर्म साधारण आडवे आहेत का बघा. त्यानंतर स्प्रिंग. पुढून वळत नसेल तर पुढचे स्प्रिंग मऊ किंवा मागचे कडक. मागून सुटत असेल तर मागचे मऊ. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहा. शॉक ऑइल पुढे ३० ते ३५ वजनाचं (हा तेलाच्या जाडीचा आकडा), मागे २७.५ ते ३० चं, ही सुरुवातीची चांगली जागा आहे. ट्रक खडबडीत भागात टणाटण उडत असेल तर पातळ करा, मोठ्या उडीनंतर चेसी जमिनीला थाडकन लागत असेल तर जाड.

१४. बॉल डिफ की गिअर डिफ? त्यात तेल कोणतं?

एससीटी जड आहे, त्यामुळे गिअर डिफ. बॉल डिफ (दातांऐवजी गोळ्यांवर चालणारा) गुळगुळीत चालतो, पण त्याला सतत जपावं लागतं. फोर-व्हीलमध्ये पुढे ७०००, मध्ये ७००० ते १०,०००, मागे ३००० ते ५००० सीएसटी (तेलाच्या जाडीचं एकक) यांच्या आसपास सुरुवात करा. मधलं जाड केलं की सरळ रेषेत खेच वाढते. मागचं जाड केलं की वळणात थ्रॉटल देताना ट्रक शेपूट फेकू शकतो.

१५. स्लिपर किती घट्ट असावा?

स्लिपर म्हणजे जादा धक्का आला की घसरणारा, स्परजवळचा क्लच. पूर्ण थांबलेल्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या अर्ध्या ते एक मीटरमध्ये बारीक 'झिइइ' ऐकू यायला हवं आणि मग बंद व्हायला हवं. आवाज येतच राहिला तर स्पर वितळेल. अजिबात आला नाही तर उडीवरून उतरतानाचा सगळा धक्का गिअरबॉक्स घेतो आहे. मधला डिफ असलेल्या एससीटी४१० सारख्या ट्रकमध्ये स्लिपर नसतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

१६. शर्यतीला कोणते सुटे भाग सोबत ठेवू?

पुढचे आर्म, हिंज पिन, पुढचे स्टिअरिंग ब्लॉक, एक स्पर, दोन-तीन पिनियन, बॉडी क्लिप, काही बॉल एंड. बहुतेक संध्याकाळी एवढ्यात निभतात. आरपीएम कंपनीचे आर्म लवचिक असल्यामुळे कमी तुटतात आणि मला ते आवडतात. चकचकीत अॅल्युमिनियमचे आर्म मात्र टाळा: ते वाकतात, आणि वाकलेला आर्म तुटलेल्यापेक्षा वाईट, कारण तो लक्षात येत नाही.

१७. जुना ट्रक घेताना काय तपासावं?

पहिली गोष्ट, त्याचे आर्म आणि गिअरबॉक्सचे भाग अजून मिळतात का. उत्पादन बंद झालेला ट्रक स्वस्तात मिळतो याचं कारण बहुधा हेच असतं. मग चारही चाकं पकडून हलवा; खडखड वाटली तर बेअरिंग किंवा हिंज पिनची भोकं झिजली आहेत. स्पर धरून मागचं एक चाक फिरवा, दुसरं उलट्या दिशेला फिरेल: गिअर डिफ एकसारखं जड फिरायला हवं, टकटक आली तर दात गेले आहेत. शॉकच्या दांड्यांवर ओरखडे असतील तर सील गळणार. चेसीच्या पोटावरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका, ते प्रत्येक धावलेल्या ट्रकला असतात.

१८. पहिल्या शर्यतीच्या दिवशी नेमकं काय होतं?

नोंदणी, सराव, मग दोन-तीन पात्रता फेऱ्या, बहुधा पाच मिनिटांच्या. त्यातल्या वेळेवरून मुख्य शर्यतीतली जागा ठरते. सगळ्यात वेगवान मंडळी ए-मेनमध्ये, पुढची बी-मेनमध्ये. लॅप मोजण्यासाठी ट्रकमध्ये ट्रान्सपॉन्डर लागतो. तो चेसीत खाली बसवा, आणि त्याच्या व जमिनीच्या मध्ये कार्बन फायबर किंवा धातूची पट्टी येऊ देऊ नका, नाहीतर काही लॅप मोजणीतून गळतात.

तुमची फेरी संपली की पुढच्या फेरीसाठी मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहावं लागतं, उलटलेले ट्रक सरळ करायला. हे टाळू नका. ट्रक उचलण्याआधी दुसरा येत नाही ना ते बघा, आणि अडकलेल्याला त्याच्या रेषेवर, पुढे तोंड करून ठेवा. मागून वेगवान ट्रक एका लॅपने पुढे जायला आला तर रेषा सोडून त्याला वाट द्या. शॉर्ट कोर्समध्ये घासणं चालतं, पण वळणात मुद्दाम मागून ढकलून दुसऱ्याला फिरवणं चालत नाही.

१९. एकच ट्रक मैदानात हुंदडायला आणि शर्यतीला वापरला तर?

टू-व्हील स्लॅशच्या बाबतीत चालतं, फक्त टायरचे दोन वेगळे संच ठेवा. शर्यतीच्या किटच्या बाबतीत मी नको म्हणेन. पाणी आणि चिखल सेन्सरच्या मोटरला आणि बेअरिंगला सोसत नाहीत.

२०. नियमात 'स्टॉक' लिहिलं आहे. एलसीजी चेसी, दुसरे आर्म, बेअरिंग चालतील का?

'स्टॉक'चा अर्थ जागोजागी वेगळा आहे. कुठे त्याचा अर्थ फक्त ठरावीक टर्नची मोटर, म्हणजे बाकी ट्रक कसाही चालतो. कुठे, विशेषतः फक्त स्लॅशच्या वर्गात, डब्यातून निघाला तसाच ट्रक हवा असतो आणि तुटलेल्या जागी मजबूत आर्म लावण्याची तेवढी सूट असते. अमेरिकेत रोअर म्हणजे रिमोटली ऑपरेटेड ऑटो रेसर्स या संस्थेची नियमावली आहे, पण ट्रॅकवाले त्यातून आपल्याला हवं तेवढंच घेतात. म्हणून चेसी, मोटर, बॅटरी, टायर आणि बॉडीची भोकं या पाच गोष्टींबद्दल ट्रॅकच्या माणसाला लेखी विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय एलसीजी चेसी घेऊ नका. ती लावणं आणि काढणं दोन्ही म्हणजे अख्खा ट्रक उघडणं.

२१. आमच्या ट्रॅकवर एससीटीला तीनच जण येतात, वर्ग भरत नाही. मग?

हे हल्ली बऱ्याच ठिकाणी घडतं; मागच्या दशकाच्या सुरुवातीला या वर्गाचा भर होता, नंतर अनेक जण बग्गीकडे वळले. काही ट्रॅक टू-व्हील आणि फोर-व्हील एससीटी एकत्र धावू देतात आणि निकाल वेगळे लावतात. विचारून पाहा, बहुधा हो म्हणतात. स्टेडियम ट्रकच्या फेरीत एससीटी मिसळण्याचा पर्यायही निघतो. त्यात वेग जुळतो, पण उघड्या चाकांच्या शेजारी तुमचा बंपर आला की नुकसान त्यांचं होतं, तेव्हा अंतर राखून चालवा. आणि तुमच्याकडे घरात जुना, धूळ खात पडलेला एससीटी असेल तर तो दुरुस्त करून एका दिवसासाठी कुणाला तरी चालवायला द्या. पाचवा, सहावा ट्रक ट्रॅकवर दिसला की पुढच्या महिन्यात आयोजक स्वतःच वर्ग लावतात.